पाण्यातल्या पीएफएएसची बातमी आली तर काय करावं?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाण्यात कॅन्सरचं रसायन’ असा मेसेज फिरला, की दुपारपर्यंत फिल्टरवाला दारात हजर. बॅगेतून लोखंडी सळयांचं यंत्र निघतं, तुमच्या बोअरच्या पाण्यात वीज सोडली जाते आणि ग्लास तपकिरी, गढूळ होतो. तो रंग सळईच्याच लोखंडाचा असतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतात, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो. पीएफएएसचा या खेळाशी काडीचा संबंध नाही.

पीएफएएस हे हजारो मानवनिर्मित रसायनांचं कुटुंब आहे. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध फार चिवट असल्याने ती उन्हाने, जिवाणूंनी किंवा उकळीने मोडत नाहीत. पाणी आणि तेल दोन्ही झटकून टाकतात, म्हणून नॉनस्टिक भांडी, रेनकोट, तेलकट खाऊचे कागद, क्रोम प्लेटिंग आणि तेलाची आग विझवणारा फोम या सगळ्यांत ती वापरली गेली.

पायरी १ : रसायनाचं नाव शोधा

बातमीत नुसतं ‘पीएफएएस’ असेल तर ती अर्धीच बातमी. सर्वाधिक अभ्यास झालाय तो पीएफओए आणि पीएफओएस या दोघांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत टाकलं. पीएफओएस गट २ब मध्ये, म्हणजे ‘शक्यता आहे’ या पातळीवर. गट हा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू आणि सुपारीही गट १ मध्येच आहेत. तेव्हा तोंडात गुटखा ठेवून पाण्यातल्या पीएफओएची चर्चा करणाऱ्यांनी आधी पुडी टाकावी.

पायरी २ : अभ्यास कोणावर झाला, ते बघा

उंदरांवर झाला, की माणसांवर? माणसांवर असेल तर त्यांच्या रक्तात किती होतं? पीएफओएबद्दलची बरीचशी माहिती अमेरिकेतल्या पार्कर्सबर्ग भागातून आली. ड्युपाँटच्या कारखान्यातून तिथल्या पिण्याच्या पाण्यात पीएफओए गेलं होतं. खटल्याच्या तडजोडीतून २००५-०६ मध्ये सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि तीन साथरोगतज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत एकेक आजार तपासला. सहा आजारांशी संबंध ‘संभाव्य’ ठरला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे आजार, आतड्याला व्रण पडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. मधुमेह आणि पक्षाघात यांच्याशी तसा संबंध दिसला नाही. फॉरवर्डमध्ये मधुमेहापासून केस गळण्यापर्यंत सगळं एकाच रसायनाच्या माथी मारलेलं असतं, तेव्हा हे आठवावं.

दुसरा महत्त्वाचा धागा लसींचा. फेरो बेटांवरच्या मुलांवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या रक्तात ही रसायनं जास्त, त्यांच्यात धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसींनी तयार झालेली प्रतिपिंडं कमी आढळली. याचा अर्थ लस टाळा असा नाही, उलट वेळापत्रकातला एकही डोस चुकवू नका असा आहे.

पायरी ३ : आकड्यामागचं एकक वाचा

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये मोजतात, पीएफएएस नॅनोग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे दहा लाख नॅनोग्रॅम होतात, त्यामुळे टीडीएस मीटरला यातलं काहीच दिसत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर १० हजार लिटरचे २५ हजार टँकर त्या मर्यादेपर्यंत न्यायला एक ग्रॅम पीएफओए पुरेसं आहे. युरोपात वीस पीएफएएसच्या बेरजेला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएफएएसची मर्यादाच नाही. म्हणून ‘पाणी मानकाप्रमाणे आहे’ या शिक्क्यावरून याबाबत काहीच कळत नाही.

पायरी ४ : आधी साध्या तपासण्या करून घ्या

मराठवाड्यात बोअरचं पाणी पिणाऱ्याने पहिला पैसा पीएफएएसवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू हे आपले रोजचे, ओळखीचे शत्रू. जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत त्यांची तपासणी होते. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर असेल, तर त्याचा बंदोबस्त आधी.

इथे एक गफलत हमखास होते. फ्लोराइड कमी आलं म्हणजे पीएफएएस नाही, असं समजू नका. पीएफएएसमधला फ्लोरीन कार्बनला घट्ट धरून असतो, तो फ्लोराइडच्या तपासणीत सापडत नाही. ग्रामपंचायतीच्या तपासणी किटलाही तो कळत नाही. त्यासाठी एलसी-एमएस/एमएस नावाचं महागडं यंत्र असलेली खासगी प्रयोगशाळा लागते. तिथे नमुना द्यायचाच असेल तर त्यांनीच दिलेली बाटली वापरा, नळाला गुंडाळलेली टेफ्लॉन टेप काढा आणि अंगात रेनकोट नको. नाहीतर पाण्याऐवजी टेपचीच तपासणी व्हायची.

पायरी ५ : घरात काय बदलायचं

पाणी उकळून उपयोग नाही. पाणी उडून जातं, रसायन भांड्यात राहतं. तुरटी, क्लोरीनचे थेंब, यूव्ही यांनीही काही होत नाही. चांगल्या स्थितीतला आरओ ही रसायनं मोठ्या प्रमाणात अडवतो. कोळशाचा फिल्टरही अडवतो, पण कार्ट्रिज भरलं की काम थांबतं, म्हणून बदलण्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. आरओने अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्यात उतरतं. ते संडासात किंवा फरशी पुसायला वापरा, पण बोअरच्या शोषखड्ड्यात सोडू नका. पाणी मुरवायच्या चांगल्या हेतूने ही चूक अनेक घरांत होते.

तव्याची काळजी आपल्याकडे कमीच. ज्वारीची भाकरी लोखंडी तव्यावरच होते, ती तशीच होऊ द्या. नॉनस्टिक असेल तर रिकामा तापवू नका आणि थर सुटायला लागला की काढून टाका.

अंगावर दूध पाजणाऱ्या आईने मात्र पाजणं बंद करू नये. ही रसायनं दुधात उतरतात हे खरं, तरीही दुधाचे फायदे मोठे आहेत आणि आरोग्य संस्था पाजण्याचाच सल्ला देतात. रक्तातून पीएफएएस ‘डिटॉक्स’ करणारी पावडर कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. पीएफओएचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण दोन ते चार वर्षं लागतात.

पायरी ६ : वरच्या अंगाला विचारणा करा

घरचा फिल्टर हे शेवटचं टोक झालं. पीएफएएस सुरू होतं कारखान्याच्या सांडपाण्यापासून. इटलीतल्या त्रिस्सिनो इथल्या अशाच एका कारखान्याने सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बिघडवलं. २०१८ मध्ये तो बंद पडला आणि २०२५ मध्ये त्याच्याशी संबंधित अकरा जणांना शिक्षा झाली. त्याची यंत्रसामग्री कोकणात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आली. लोट्याचं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं, जायकवाडीत नाही. त्यामुळे ‘लोट्याचं रसायन जायकवाडी धरणात आलं’ अशा अर्थाचे मेसेज सरळ पुसून टाका. जायकवाडीच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, पाणी येतं ते नाशिक-अहिल्यानगरकडून, आणि काठाशी वाळूज, पैठणसारख्या वसाहती आहेत. तिथे पीएफएएस सापडलं, असं मी म्हणत नाही. विचारणा तर करता येते.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. ‘प्रदूषण होतंय का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. कागद मागा: ‘अमुक वसाहतीतील क्रोम प्लेटिंग आणि फ्लोरीनयुक्त रसायने वापरणाऱ्या उद्योगांची यादी, त्यांच्या संमतीपत्रांच्या प्रती आणि सांडपाण्याचे मागील तीन वर्षांचे तपासणी अहवाल द्यावेत.’ १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तेव्हा ती पोच सोबत जोडायची असते.