आतड्यातला ‘नवा’ जिवाणू जाहीर करण्याआधी या चुका टाळा

नवी प्रजाती सापडली म्हणून विद्यार्थी फायली घेऊन येतात. बहुतेकांचं बिनसलेलं असतं ते सिक्वेन्सिंगच्या (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या) कितीतरी आधी, नमुन्याच्या डबीतच.

आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना हवा सोसत नाही. फीकॅलिबॅक्टेरियम तर उघड्यावर काही मिनिटांत मरतो. तरी मुलं शौचाचा नमुना अर्ध्या रिकाम्या डबीत भरतात आणि बर्फात ठेवला की निश्चिंत होतात. बर्फाने वाढ मंदावते, डबीतली हवा जात नाही. गुहागरकडच्या एका गावातला नमुना असाच निघाला. तवसाळला फेरीबोट चुकली, जयगडमार्गे रत्नागिरी गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. थाळीवर उगवलं ते हवेत तगणारंच.

त्यातली एक कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) उचलून, पीसीआरने डीएनएच्या प्रती काढून आणि क्लोनिंगने त्यातली एक प्रत वेगळी करून मुलाने १६एस हे जिवाणू ओळखायला वापरतात ते जनुक वाचून घेतलं. माहीत असलेल्या जिवाणूंशी सर्वात जवळचं साम्य ९० टक्क्यांच्या आसपास. तो म्हणाला, “मॅडम, नवा जीनस!” म्हणजे प्रजातीच्याही वरचा नवा गट. मी ग्रॅम स्लाइड (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काच) मागितली, तर ती केलीच नव्हती. करायला लावली तेव्हा गुलाबी काड्या आणि जांभळे गोळे शेजारी शेजारी दिसले, म्हणजे दोन वेगळे जिवाणू. मग त्या सिक्वेन्सचे दोन भाग करून वेगवेगळे ब्लास्ट केले (डेटाबेसशी ताडून पाहिले). पुढचा निघाला ई. कोलायचा, मागचा एन्टेरोकॉकसचा. मिश्र कल्चरमधून पीसीआरने शिवलेली गोधडी होती ती.

डबी पूर्ण भरा, हवाबंद पाऊच वापरा, ऑक्सिजन काढलेलं माध्यम सोबत न्या. माध्यमातलं रेसाझुरिन (ऑक्सिजन दाखवणारा रंग) गुलाबी दिसलं तर ती नळी बाजूला ठेवा. कॉलनी निदान तीनदा स्ट्रीक करा (नव्या थाळीवर रेघा ओढून वेगळी करा) आणि दर वेळी स्लाइड बघा. यात आठवडे जातात. ज्याला तेवढा धीर नाही त्याने हे काम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हवाबंद जारमधले, ऑक्सिजन काढायला मदत करणारे पॅलेडियमचे दाणे ओले झाले की काम करत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते उघडे ठेवूच नका. दर वापरानंतर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दीड-दोन तास वाळवा.

डेटाबेसमधल्या ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’शी (न वाढवलेल्या जिवाणूच्या नोंदीशी) जुळलं, म्हणून काही नवं ठरत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशीच) करायची.

१६एसच्या चारशे बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुकड्यावर प्रजाती ठरवू नका. पूर्ण जनुक सुमारे १५०० बेसचं असतं.

१६एसचं साम्य ९८.७ टक्क्यांखाली असेल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता धरतात, पण त्याच्या वर गेलं म्हणजे जुनीच, असंही नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६एसवरून वेगळे काढता येत नाहीत. जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचा. नव्या प्रजातीसाठी एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (जीनोमच्या साम्याचं दुसरं माप) ७० टक्क्यांच्या खाली हवा.

नाव वैध ठरायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो. पुण्यात एनसीएमआर हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, दुसरा संग्रह आधीच ठरवा. पेपर लिहून झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांचं कल्चर तोवर मेलेलं असतं. शुद्ध कॉलनी हाती आली की त्याच दिवशी ग्लिसरॉलच्या नळ्या भरून उणे ८० अंशांना ठेवा.