ल्युकेमियाच्या पेशंटची शुगर ३१? आधी नळीकडे बघा

बायोकेमिस्ट्रीच्या बाकड्यावर माझी वीसेक वर्षं गेली. नवी पोरं आठवड्यात मशीन चालवायला शिकतात, पण नळीतलं रक्त जिवंत असतं हे कुणाच्या गावी नसतं. बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी खात राहतात. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, तर अधाशासारख्या.

एका मे महिन्यात गोव्यातल्या काणकोणच्या बाजूचा नमुना आला. पांढऱ्या पेशी २,८०,००० (एरवी ४,००० ते ११,०००). सकाळी नऊला लाल टोपणाच्या साध्या नळीत घेतलेलं रक्त, सेंट्रिफ्यूज न करता (म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या न काढता), मोटारसायकलच्या डिकीत शिजत अडीचला पोचलं. शुगर आली ३१. लॅबमधल्या पोराने घाबरून पेशंटच्या घरी फोन लावला, घरच्यांनी साखरेचं पाणी कालवलं. पेशंट शांतपणे पेज जेवत बसलेला! बोटातून तपासली तर १०४. रिपोर्टवर सही माझी होती, म्हणून ही गोष्ट मी अजून सांगतो.

साध्या माणसाच्या रक्तातसुद्धा नळीत ठेवलं की तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. इथे खाणारी तोंडंच कितीतरी पट. ‘पेशींचं हे खाणं थांबवायला फ्लोराइडची नळी वापरली की झालं’ हा पुढचा आळस. पेशी ग्लुकोज एन्झाइमांच्या साखळीने मोडतात. फ्लोराइड अडवतं त्यातल्या एनोलेजला, म्हणजे साखळीच्या जवळजवळ शेवटाला. वरचं, पहिल्या पायरीचं हेक्सोकायनेज पहिले एक-दोन तास ग्लुकोज ओढतच राहतं. मी अशा पेशंटची शुगर खाटेशेजारीच ग्लुकोमीटरवर बघायला लावतो. नमुना हवाच असेल तर बर्फात आणि लगेच फिरवून प्लाझ्मा (पेशींवरचं पाणी) वेगळा.

हे शिकलं की पोरं दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक कमी शुगर खोटी ठरवतात. ल्युकेमियात किंवा लिम्फोमात (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) क्वचित लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज मोडून उरणारं आम्ल, रक्तात खरोखर चढतं, ऑक्सिजन आणि रक्तदाब ठीक असतानाही, आणि शुगर खरोखर उतरते. लॅक्टेटसुद्धा नळीत वाढतं, म्हणून तेही बर्फातूनच. पेशंटला घाम आलाय का, तो गोंधळलाय का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर दुसरं काम बघावं.

‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’ हे काउंटरवर रोज ऐकतो. नातेवाईक भात-पेज बंद करतात आणि किमो चालू असलेला माणूस आणखी खंगतो. या पेशी ग्लुकोजवर तुटून पडतात हे खरं, पण त्यातला काही कार्बन ऊर्जेऐवजी नव्या पेशींचा माल बनवायला जातो. शिवाय त्या ग्लुटामाइन या अमिनो ॲसिडवर आणि चरबीवरही भागवतात. ताटातली साखर काढली तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडतंच. उपाशी मारायचंच तर नेमकं ॲस्पॅराजिनेज या औषधासारखं: लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारात अनेक पेशींना ॲस्पॅराजिन हे अमिनो ॲसिड पुरेसं बनवता येत नाही, म्हणून रक्तातलंच संपवायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज कशा मोडतात हे अभ्यासणाऱ्या ओटो वॉरबर्गला १९३१ चं नोबेल कॅन्सरच्या सिद्धांतासाठी मिळालं असं लिहू नका, ते श्वसनाच्या एन्झाइमसाठी होतं. त्याच्या मताप्रमाणे या पेशींची मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) निकामी असतात असंही समजू नका. मायलॉइड या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाच्या मूळपेशी बऱ्याचदा त्यांच्यावरच जगतात. पोटॅशियम अचानक ७ आलं आणि ईसीजी ठीक, तर नाजूक पेशी नळीत फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं का ते बघा, नमुना हलक्या हाताने पुन्हा मागवा.

आणि युरिक ॲसिड मोडणारं रासबुरिकेज हे औषध चालू असेल तर युरिक ॲसिडचा नमुना बर्फातच आणा. ते औषध नळीतही युरिक ॲसिड खात राहतं, मग आकडा खोटा सुंदर येतो. ‘सर, बर्फ नव्हता’ ही सबब मला सांगू नका. पणजीच्या मासळी बाजारात इसवण बर्फावर झोपून येतो, आणि पेशंटचं रक्त मात्र डिकीत.