हिमालयात निघण्याआधी उताराचा कोन मोजायला शिका

अस्तंबा चढून आलं की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची पोरं हिवाळ्यात थेट हिमालय गाठतात. पाय तयार असतातच. बर्फाचा उतार ओळखणारी नजर मात्र सातपुड्यात घडत नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

बहुतेक हिमस्खलनं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, आधीच थोडा थोडा गळून जातो. म्हणजे चढायला जमेल असा वाटणारा उतारच घातक. मोबाइलमध्ये कोन मोजणारं अ‍ॅप घ्या, काठी उताराला समांतर टेकवा आणि तिच्यावर मोबाइल ठेवा. सराव तोरणमाळच्या टेकडीवर, अगदी शेताच्या बांधावरही होतो. आधी नजरेनं अंदाज बांधा, मग मोजा. पहिल्या दिवशी अंदाज बराच चुकतो. हिमालयात गेल्यावर फक्त पायाखालचा नाही, डोक्यावरचा उतारही बघा. सपाटीवरून चालणाऱ्यावरही वरचा बर्फ कोसळतो.

मोठा बर्फ पडला किंवा जोराचा वारा सुटला, तर निदान २४ ते ४८ तास थांबाच. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फाला भेगा गेल्या, तर आल्या वाटेनं मागे फिरा.

गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या १५ मिनिटांनंतर झपाट्यानं घटते. बाहेरून मदत एवढ्यात पोहोचत नाही, म्हणून बीकन (गाडलेला माणूस कुठं आहे ते शोधायला संकेत देणारं-घेणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या पाठीवर हवं.