‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ पुन्हा खेळायचाय?

पाचही भाग ओळीनं खेळा, मधूनच उडी मारू नका. १९८९ ते १९९८ या काळात आलेल्या या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेची खरी गंमत एकच हीरो पुढं नेण्यात आहे. भाग संपला की हीरोची फाईल सेव्ह होते. पुढच्या भागात तीच उचलायची. एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा.

पहिले चार भाग स्कमव्हीएमवर, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर, चालतात. पाचव्याला ते चालत नाही.

माझं ऐकाल तर हीरो म्हणून चोर निवडा. योद्धा म्हणजे नुसती हाणामारी, त्यात काय मजा! पात्र बनवताना चढण्याला थोडे तरी गुण द्या, कारण शून्यावरचं कौशल्य सरावानं वाढत नाही. मग जंगलातल्या झाडावर चढत राहा. आधी घसरगुंडी, मग जमतं. कुलूप उघडायचा सराव हवा? पहिल्या भागाच्या जुन्या, हुकूम टाइप करायच्या आवृत्तीत ‘पिक नोज’ (नाक कोर) असं इंग्रजीत लिहा. हात कच्चा असेल तर गडी नाकात आकडा खुपसून मरतो! तेव्हा आधी सेव्ह. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत वळवाचा पाऊस आला की लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं ती सवय मला आपोआपच लागलीय.

दुसऱ्या भागातल्या शापीर शहराच्या गल्ल्यांपुढं सांगलीची गणपती पेठ सरळसोट वाटेल. मूळ खेळाबरोबर छापील नकाशा यायचा. नको ती कटकट वाटत असेल, तर एजीडी इंटरॅक्टिव्ह या चाहत्यांच्या गटानं नव्यानं बनवलेला २००८चा मोफत रिमेक घ्या आणि सुरुवातीलाच सोप्या गल्ल्यांचा पर्याय निवडा. पहिल्या भागातला हीरो त्यातही आणता येतो.