बाबांच्या टाचेची न भरणारी जखम

मे महिन्यात देवगडच्या खाडीत, ओहोटीला कालवं काढताना बाबांच्या टाचेला शिंप लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि विसरलो. आषाढ लागला तरी जखम रुपयाएवढीच. "माका दुखणा नाय गो," म्हणून ते निर्धास्त. मधुमेह पंधरा वर्षांचा. पायाच्या नसा बधिर झालेल्या, म्हणून दुखत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तोवर मी काय नाही केलं! हळद, शेजारच्या काकूंनी दिलेला दगडी पाला, मग रोज हायड्रोजन पेरॉक्साइड. फेस आला की घाण निघतेय असं वाटायचं. त्याने नव्या कोवळ्या पेशीही मरतात. वर "वारा लागू दे, सुकू दे" होतंच. पण जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी कोरड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते.

आता जे करते ते असं. हात साबणाने धुवायचे. पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, सलाइनने भिजवून सोडवायची. जखमही सलाइननेच धुवायची. मेडिकलमध्ये बाटली मिळते. त्यावर पॅराफिन गॉझ (न चिकटणारी, तेलकट जाळी), मग कोरडं गॉझ, मग बँडेज, फार आवळून नाही. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त झाली, पट्टी लवकर बदलायची. पावसात बाहेरून भिजली तर लगेच. मेलेली कातडी मात्र डॉक्टरांनीच काढायची, घरी ब्लेड लावायचं नाही.

पण खरा फरक पट्टीने पडला नाही. पाय टेकायचा बंद केला तेव्हा पडला. प्रत्येक पावलाला टाच दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, कोवळं मांस चिरडतं. डॉक्टरांनी टाचेवर भार येणार नाही अशी चप्पल दिली. वॉकर आणला. झोपताना पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. तरी एकदा पहाटे वॉकर खाटेशी आणि बाबा गोठ्यात! त्या आठवड्यात जखम तसूभर हलली नाही.

जेवणात भात निम्मा, बांगडा किंवा अंडं रोज, नाहीतर कुळथाची पिठी. मांस भरायला प्रथिनं लागतात. साखर आटोक्यात नसेल तर बाकी सगळं फुकट. विडीने रक्तवाहिन्या आकसतात, ती सुटली, भांडून सुटली.

दर रविवारी फुटपट्टी शेजारी धरून फोटो काढते. रोज बघून काही कळत नाही. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्यावर आला नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं. पायातलं रक्ताभिसरण तपासायला लागतं. मधुमेह्याच्या पायाला जखम झाली तर मात्र दोन दिवसही थांबू नका, मी थांबले. लाली पसरली, वास आला, कड काळी पडली, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. खाऱ्या पाण्यात लागलेलं असेल तर तसं आवर्जून सांगा, त्या पाण्यातले काही जंतू तासातासाने पसरतात.

बाबा आता खाडीत बूट घालून उतरतात. घालण्याआधी आत हात फिरवायचं काम माझं. खडा असला तरी त्यांना कळत नाही.