बोलोन्याचा नेपच्यून फिरून पाहायचा

इटलीतल्या बोलोन्या स्टेशनातून बाहेर पडलात की विया देल इंदिपेन्देन्झा हा सरळ रस्ता धरा. कमानींखालून चालत वीसेक मिनिटांत तुम्ही कारंज्यावरच्या नेपच्यूनपाशी, रोमनांच्या समुद्रदेवापाशी, पोहोचता. ग्रीकांचा पोसायडन तो हाच. ब्राँझची ही मूर्ती तीन मीटरांहून उंच आहे आणि चौथराही उंच, तेव्हा छोटी दुर्बीण सोबत ठेवा. दाढीचे कुरळे पेड तिच्याशिवाय नीट दिसत नाहीत.

समोरून एक फोटो काढून निघू नका. या मूर्तीला एकच अशी समोरची बाजू नाही. मी मातीकाम शिकवते. आर्मेचर, म्हणजे मातीच्या मूर्तीच्या आतला तारेचा सांगाडा, वाकवायची वेळ आली की विद्यार्थ्यांना हाच नेपच्यून दाखवते. आधी पाय बघा: सगळा भार एकावर, दुसरा डॉल्फिनवर टेकलेला. मग प्रदक्षिणा घाला, अगदी सावकाश. कंबर एकीकडे वळते, खांदे दुसरीकडे, आणि दर चार पावलांवर बाह्यरेषा बदलते. उजव्या हातात त्रिशूळ आहे. पुढे केलेला डावा हात मात्र मारायला उगारलेला नाही, तो खवळलेलं पाणी शांत करतोय. त्या तळव्याखाली थोडा वेळ थांबाच.

दुपारी आकाशापुढे काळसर ब्राँझची नुसती सावली उरते. म्हणून सकाळी या, आणि नगरपालिकेच्या वाड्याकडे पाठ करून उभे राहा. मूर्तीमागे पालाझ्झो रे एन्झो या जुन्या वाड्याची विटांची भिंत आली की स्नायू उठून दिसतात.

मग नजर खाली कारंज्याकडे आणा. कारंज्याची रचना पालेर्मोच्या तोमासो लाउरेतीची. देवाच्या पायाशी डॉल्फिन धरलेली चार बाळं आहेत. ती चार नद्या मानतात: नाईल, डॅन्यूब, ॲमेझॉन आणि आपली गंगा! चौथऱ्यावरची लॅटिन अक्षरंही शोधा. एका बाजूला ‘लोकांच्या सोयीसाठी’, दुसऱ्या बाजूला ‘सार्वजनिक पैशातून’ अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. काम पोपच्या राजवटीने करवून घेतलं, तरी हे कोरलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शिल्पकार जांबोलोन्या मूळचा फ्लँडर्सचा. फ्लॉरेन्सच्या नेपच्यूनची स्पर्धा तो हरला, ते काम अम्मानाती या दुसऱ्या शिल्पकाराला गेलं. १५६३ मध्ये त्याला बोलोन्याचं काम मिळालं. जलद गाडीने फ्लॉरेन्स जेमतेम चाळीस मिनिटांवर आहे. शक्य असेल तर त्याच दिवशी जा आणि पियाझ्झा देला सिन्योरिया या चौकातला अम्मानातीचा तो पांढरा संगमरवरी नेपच्यून पाहा. माझ्या मते तो ताठ आहे, अवघडलेला. तिथे वेळ द्यायचा तो हौदाच्या कडेवरच्या ब्राँझच्या आकृतींना.