आतड्यातला जंतू आजारी का पाडतो? आधी त्याचं जेवण बघा

एमएस्सीला सेमिनारसाठी 'मेटाबॉलिझम आणि व्हिर्युलन्स' (जंतूचं खाणं-पचवणं अन् त्याची आजारी पाडायची ताकद) टॉपिक मिळाला की आमच्या लातूरला पोरं आधी क्रेब्स सायकल (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या रिॲक्शन्सचं चक्र) पाठ करायला बसतात, मी पण तेच केलतं, आठ दिवस गेले अन् हाती काही लागलं नाही.

त्यापेक्षा लॅबमधला साधा, आजारी न पाडणारा जंतू ई. कोलाय के-१२ घ्या, साल्मोनेला (जुलाब लावणारा आतड्यातला जंतू) वाढवायच्या भानगडीत पडूच नका. एम९ मीडियात (जंतू वाढवायचं साधं क्षारांचं पाणी) ग्लुकोज ०.०५ टक्के, लॅक्टोज ०.१५ टक्के घाला, ३७ अंशाला शेकरवर ठेवा आणि दर १५ मिनिटाला ६०० नॅनोमीटरवर ओडी (गढूळपणा, म्हणजे जंतू किती वाढले ते) घ्या (जनरेटर चालतो का ते आधी विचारा, लाईट गेली अन् शेकर बंद पडला म्हणून आमची अख्खी बॅच वाया गेली). ग्राफ चढतो, मधीच थबकतो, परत चढतो. बैलापुढं हिरवा चारा असला की तो कडब्याला तोंड लावत नाही, तसंच ग्लुकोज असेपर्यंत जंतू लॅक्टोजला हात लावत नाही. ग्लुकोज संपलं की पेशीत सीएएमपी (निरोप देणारा छोटा रेणू) वाढतो, जीन्स चालू करणाऱ्या सीआरपी प्रोटीनला चिकटतो अन् लॅक्टोज पचवायचे जीन्स जोरात चालू होतात.

आता हाच स्विच साल्मोनेलात शोधा. रॉय कर्टिस यांच्या लॅबनं १९८७ ला सीएएमपी बनवणारा जीन अन् सीआरपीचा जीन दोन्ही काढले, तर तो जंतू पाजून उंदीर मेले नाहीत, वर नंतर खरा जंतू दिला तरी तगले.

मग टेट्राथायोनेट (गंधकाचं एक संयुग) वाचा, हे लई भारी आहे. ते घातलेल्या ब्रॉथमधून (जंतू वाढवायचा रस्सा) साल्मोनेला वेगळा काढणं १९२३ पासून चालूय, पण आतड्यात त्याला ते कशाला लागतं हे २०१० ला कळलं. सूज आली की आपल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात, त्यानं आतड्यातल्या थायोसल्फेटचं (गंधकाचंच दुसरं संयुग) टेट्राथायोनेट होतं, अन् ऑक्सिजन नसला तरी साल्मोनेला त्याच्यावर श्वास घेतो, नुस्तं आंबवून जगणाऱ्या शेजारच्या जंतूंना ते जमत नाही. सूज आणणारा हाच अन् फायदा पण ह्यालाच!

क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलीला (जुलाब लावणारा आतड्यातला दुसरा जंतू) मात्र हा सीएएमपीचा हिशोब लावू नका. तिथं सीसीपीए अन् कोडवाय ही जीन्स दाबणारी प्रोटीन्स असतात, ग्लुकोज अन् काही अमिनो ॲसिड भरपूर असली की टॉक्सिनचे जीन्स दाबून ठेवतात, उपास पडला की सोडतात. बाहेरून आलेल्या मॅडमनी मला विचारलं, "सगळ्यांत सीएएमपीच का?" अन् मी "हाव मॅडम" म्हणून बसलो.

स्लाइडवर दोनच रकाने ठेवा, खातो काय अन् स्विच कोणता. पाथवेचा मोठा चार्ट लावू नका, मागच्या बाकावरून तसाही दिसत नाही.